डोराची भिशी

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही गावच्या मराठी शाळेत, आणि त्यातलं चौथीचं अर्धं वर्ष गोवरात गेलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि अक्षर म्हणाल तर शाईत पाय बुडवून कोंबडी चालल्यासारखं. हे आधीच सांगून ठेवते, कुणी रागावू नये. खरं तर कुणी वाचावं म्हणून मी लिहीतच नाही. जमातीच्या ईदच्या अंकात, जुन्या दुबईत कामधंदा केलेल्या बायकांनी आपले अनुभव लिहावेत, असं छापून आलं होतं. सुनेनं ते मला वाचून दाखवलं. मी नको म्हटलं. चारचौघांसमोर तोंड उघडायची मला पहिल्यापासून धास्ती, मग छापायची गोष्ट दूरच. पण त्या दिवसापासून डोरा मनातून जाईना. म्हणून नातीची अर्धी कोरी वही घेतली आहे आणि दुपारी सगळे बाहेर गेले की अल नहदातल्या या फ्लॅटच्या खिडकीशी बसून लिहिते. अंकाला देणार नाही.

माझं काम धुण्याचं आणि इस्त्रीचं. साठ ते सत्तरच्या मधली वर्षं मी दुबईच्या खाडीकाठी, देऱ्यात, लोकांचे कपडे धुतले. माहेर-सासर दोन्ही मुरूडकडचं. आमचे हे बार्जवर होते. तेव्हा मोठी आगबोट खाडीत येऊ शकत नसे. ती बाहेर समुद्रात उभी राही आणि तिच्यातला माल बार्जवर उतरवून खाडीत आणावा लागे. दिरहम तेव्हा नव्हते. तिथंही रुपयेच चालत.

धुणं म्हणजे कपडे आपटणं, असं बाहेरच्यांना वाटतं. देऱ्यात ते सगळं काम पाण्याचं होतं. घराजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ. गोडं पाणी गाढवावरून डब्यांतून विकत यायचं. पहिली दोन धुणी मचूळ पाण्यात काढायची आणि शेवटचं खळबळणं गोड्या पाण्यात. तिथं कंजुषी केली की कपडा वाळल्यावर पापडासारखा कडक होतो आणि काखेत मिठाचे नकाशे उमटतात. मग नीळ, मग तांदळाची कांजी, तीही मलमलीतून गाळून. वाळत घातल्यावर दोन शत्रू. एक वाळूचा वारा आणि दुसरा म्हणजे गल्लीतल्या शेळ्या. त्या शेळ्या पुठ्ठे खायच्या, दोर खायच्या. एकदा एका साहेबाची अख्खी बाही खाल्ली. मी दुसरी बाहीही कापून त्याला अर्ध्या बाह्यांचा सदरा करून दिला. तो म्हणाला, हा जास्त हवेशीर आहे.

गिऱ्हाइकं एकेक तऱ्हेची. शारजाहून इंग्रजी फौजेतला एक कप्तान हाफपँटी पाठवायचा. त्या जमिनीवर उभ्या ठेवल्या तर पडता कामा नयेत, अशी त्याची अट. कांजी घालून घालून मी त्या उभ्या केल्या. आत माणूस कसा बसत असेल, हे मला कधी कळलं नाही. दुसरे एक म्हातारे अरब, पूर्वी मोत्यांचे व्यापारी. त्यांना कंदुऱ्याला, म्हणजे त्यांच्या पायघोळ झग्याला, नीळ चालत नसे. "मी काय आभाळ नेसू?" म्हणायचे.

आता डोरा. तिला तिच्या आईकडं कसं पोचवलं आणि त्यापायी घेतलेले पैसे कसे फिटले, एवढंच मला लिहायचं आहे.

बंदराच्या कामावर एक ऑस्ट्रेलियाचे साहेब आले होते. त्यांच्या घरी मी आठवड्यातून काही दिवस इस्त्रीला जायची. मेमसाब स्वभावानं वाईट नव्हती. दोन लहान मुलं होती आणि त्यांना सांभाळायला त्यांनी आपल्या देशातून एक बाई आणली होती. रंगानं काळीभोर, रुंद कपाळ, डोळे खोल, वय पंचविशीच्या आत. तीच डोरा. मला वाटलं झांजिबारची असेल. सगळ्यांनाच तसं वाटे. बाजारात गेली की तिकडच्या म्हाताऱ्या तिच्याशी भराभरा त्यांच्या भाषेत बोलू लागत आणि ही नुसती हसून मान हलवी. मग मला म्हणे, "हलीमा, माझी मावशी म्हणते काय?"

ती मोडकं हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोले. मी इथं मराठीतच लिहिते. तिनंच मला सांगितलं की ऑस्ट्रेलियात गोरे येण्याच्या कितीतरी आधीपासून तिची माणसं राहत होती. गोऱ्यांनी जमीन घेतली, मग मुलं घ्यायला सुरुवात केली. ती चार-पाच वर्षांची असताना सरकारी माणूस गाडी घेऊन आला आणि तिला आईच्या हातातून ओढून पाद्र्यांच्या आश्रमात नेऊन टाकलं. तिथं डोरा हे नाव मिळालं. आपल्या भाषेतला शब्द तोंडातून आला की मार मिळायचा. घासायला, धुवायला, पोरं सांभाळायला शिकवलं आणि मोठी झाल्यावर कामाला लावलं. आई मेली, असं आश्रमात सांगितलं होतं.

मी इस्त्री फिरवत ऐकत होते. माझ्या हातून कपडा जळाला नाही, एवढंच.

त्या घरात मला चहा कपातून मिळे, जुन्या, कान तुटलेल्या. डोराला टिनाच्या मगातून. कुणी तसं बोललं नव्हतं, पण तो मग वेगळ्या खिळ्यावर टांगलेला असे. एक दिवस तिनं दोन्ही समोर ठेवले आणि म्हणाली, "बघ, तू माझ्याहून एक पायरी वर." मला इतकी शरम वाटली की दुसऱ्या दिवसापासून मी घरून माझा पितळी पेला नेऊ लागले. ती हसली. म्हणाली, "आता तर तू मेमसाबच्याही वर."

तिच्या पगाराची गोष्ट निघाली तेव्हा मी अगदीच उलटं समजले. ती म्हणाली, "माझा पगार मला देत नाहीत. तिकडं एक सरकारी खातं आहे, तिथं जमा होतो. मला हातखर्चाला थोडे मिळतात." मी म्हटलं, "मग बरंच की! पैसा जपून राहील." आमच्या लोकांत रीतच तशी होती. कोकणातून आलेला पोरगा पगार हातात घेत नसे. दुकानाच्या शेठकडं अमानत ठेवी आणि गावी जाताना एकरकमी उचले. सात जणांच्या खोलीत पैसा कुठं ठेवणार? शेठकडं पैसा म्हणजे पोराला चांगलं वळण, असं समजलं जाई. मी डोराला शाबासकी दिल्यासारखं बोलले. तिनं हातातला कपडा खाली ठेवला.

"तुमच्या पोरानं मागितले तर शेठ देतो?"

"देतो म्हणजे काय! पैसे त्याचेच."

"मी एकदा बुटांसाठी मागितले," डोरा म्हणाली. "अर्ज करायला लावला. सहा महिन्यांनी उत्तर आलं, आहेत ते बूट चालतील."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मागितल्यावर मिळते ती अमानत. हिची अमानत नव्हती.

आमचे हे बार्जवर आहेत आणि ऑस्ट्रेलियाहून पिठाची पोती घेऊन बोटी येतात, हे कळल्यावर डोरानं त्यांना गळ घातली. "भाईसाब, बोटीवर कुणी माझ्यासारखं दिसलं तर विचारा." यांना चेष्टा करायची भारी सवय. म्हणायचे, "डोराबाय, तुझ्यासारखा काळा तर मीच आहे, मला विचार." पण प्रत्येक पिठाच्या बोटीवर चढून त्यांनी विचारलं. कितीतरी बोटी तशाच गेल्या. मग एकीवर भटारखान्यात काम करणारा एक माणूस भेटला, तसंच कपाळ, तसेच डोळे. त्याचं नाव चार्ली. डोराला आठवत होतं तेवढं यांनी त्याला सांगितलं: एक नदी, तिच्या काठी लाल मातीचा उंच कडा, आणि आईच्या एका हाताला बोट कमी. तो म्हणाला, त्या बाजूला माझी बहीण दिली आहे, विचारतो.

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा यांनी बार्ज खाडीत लावली आणि पोती तशीच सोडून घरी धावत आले. मी कांजी गाळत होते.

"जिवंत आहे," हे म्हणाले.

"कोण?"

"डोराची आई. चार्लीनं स्वतः बघितली. नजर गेली आहे जवळजवळ. रस्त्यावर मोटार वाजली की अजून दारात येऊन उभी राहते म्हणे."

डोराला मी हे सांगितलं तेव्हा ती मुलांचे मोजे जोडून ठेवत होती. सगळे मोजे जोडून झाल्यावर ती उठली आणि थेट मेमसाबकडं गेली. मला घरी जायचं आहे, म्हणाली.

मेमसाब म्हणाली, मुलं बोर्डिंगला जाईपर्यंत थांबायचं ठरलं आहे. आधी जायचं तर तिकीट तुझं तू काढ. डोरा म्हणाली, माझ्या पगारातून काढते. तेव्हा मेमसाबनं खरोखरच त्या खात्याला लिहिलं. उत्तर यायला फार दिवस गेले. आलं ते असं, की पैसे तिच्या भल्यासाठीच ठेवले आहेत, प्रवासाचं कारण पुरेसं वाटत नाही, आणि तिच्या आईची आमच्याकडं नोंद नाही.

मेमसाबनं ते मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "तसं ते बरोबरही आहे, हलीमा. हिच्या हातात दिले तर ही वाटून टाकेल."

मी जन्मात त्या बाईसमोर "येस मेमसाब"च्या पुढं बोलले नव्हते. त्या दिवशी इस्त्री बाजूला उभी केली आणि मोडक्या हिंदी-इंग्रजीत म्हटलं, "मेमसाब, गेल्या दोन महिन्यांचा माझा पगार आपल्याकडंच आहे. मी आत्ता मागितला तर द्याल?"

"अर्थात! तुला पाहिजे आहे का?"

"नको. मी पण वाटूनच टाकणार होते. मुरूडला नणंदेला, धाकट्या दिराला, मशिदीला. तरी द्याल?"

मेमसाबचा चेहरा लाल झाला. "ती वेगळी गोष्ट आहे. तू इस्त्री कर," म्हणाली आणि आत गेली. कामावरून काढतील म्हणून मी रात्री यांना सांगून ठेवलं. पण दोन दिवसांनी साहेबांनीच डोराला बोलावलं. तिचा पासपोर्ट हातात दिला आणि म्हणाले, तिकीट जमव, आमची हरकत नाही. मेमसाब त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोले. पण टिनाचा मग खिळ्यावरून गेला. कुठं गेला, मी विचारलं नाही.

आता तिकीट. मुंबईपर्यंतचं डेकचं भाडं आम्ही दिलं असतं. पुढच्या बोटीचं भाडं आमच्या आवाक्याबाहेरचं. सगळे मिळून हजार रुपये तरी पाहिजे होते. परवा नातीला हे सांगितलं तर तिनं फोनवर हिशेब केला आणि म्हणाली, "दादी, दॅट्स नॉट इव्हन फिफ्टी दिरहम्स!" तेव्हा त्यात आमचं घर वर्षभर खाई.

आमच्या गल्लीत कोकणी बायकांची भिशी होती. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. प्रत्येकीनं दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकायची आणि जमलेली सगळी दर महिन्याला एकीनं उचलायची. फेरी पूर्ण झाली की सगळ्यांना सारखंच मिळतं. पण पहिला नंबर घेणारीनं पैसे उचलून पुढं भरलेच नाहीत, तर भिशी बुडते. म्हणून पहिला नंबर पक्क्या माणसालाच. भिशी चालवायच्या कुलसुम आपा. हाडानं दणकट, जिभेनं त्याहून दणकट. श्रीवर्धनच्या.

नवी फेरी सुरू व्हायच्या दिवशी मी आपांच्या घरी गेले. डोराचं नाव घ्या आणि पहिला नंबर तिला द्या, एवढं म्हणायला मला दोन वेळा चहा प्यावा लागला.

"अगो, ती हबशीण?" एकजण म्हणाली. "ती समुद्रापार गेली की आपल्याला तोंड दाखवणार आहे काय?"

"काळ्यांचा भरवसा नाही," दुसरी.

कुलसुम आपा पान जुळवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझी आजी जंजिऱ्याच्या सिद्दींतली. केस अगदी या डोरासारखे. आता बोला भरवशाचं."

एकजण भराभरा चहाचे पेले उचलू लागली.

"जामीन कोण?" आपांनी विचारलं.

"मी."

"मोठ्यानं बोल गो, भिंतीला सांगतेस काय?"

"मी राहते जामीन."

"आणि ती देणार कशातून? तिचा पगार सरकार खातं म्हणतेस."

"आईला भेटल्यावर काम धरेल. कपडे धुवायचं, इस्त्रीचं मी सगळं शिकवलं आहे. पाठवेल. तोवर तिच्या वाटणीचं जेवढं जमेल तेवढं मी भरेन."

"जेवढं जमेल," आपा म्हणाल्या. पान तोंडात घातलं. मग म्हणाल्या, "शेवटचा नंबर मी घेते. तूट आली तर ती माझ्यात येईल, तुमच्या कुणाच्या खिशाला हात लागणार नाही. झालं? आता चिठ्ठ्या टाका." शेवटचा नंबर त्यांना परवडणारा नव्हता. मुलीचं लग्न ठरत होतं आणि बांगड्या करायच्या होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

घरी आल्यावर यांना सांगितलं. हे आधी जेवून उठले. मग म्हणाले, "मी बोटीवरचा माल उतरवतो. तू घरातला उतरवायला निघालीस?" पण दुसऱ्या दिवशी तिकिटाच्या मागं तेच धावले.

डोराला आम्ही मुंबईच्या बोटीवर चढवलं. मुंबईला माझ्या भावानं उतरवून घेतलं, दहा दिवस डोंगरीला घरी ठेवलं आणि पुढच्या बोटीत बसवून दिलं. भावानं लिहिलं, बाई चांगली आहे, आमच्या पोरांना सोडवत नव्हती.

मग काहीच नाही. महिने गेले. मी शारजाहून आणखी दोन साहेबांच्या हाफपँटी घेतल्या, पहाटे उठून धुतल्या, आणि डोराच्या वाटणीचे कधी निम्मे, कधी त्याहून कमी भरले. भिशीच्या दिवशी बायका विचारायच्या, "काय हलीमा, आली का गो तुझी पिठाची बोट?" आपांच्या मुलीचं लग्न झालं. बांगड्या गिलिटाच्या घातल्या. आपा मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, त्यामुळे मला गल्लीतून जाणं नको वाटे.

आणि एक दिवस हे घरी आले ते दाराबाहेरूनच ओरडत. चार्ली आला होता. त्यानं यांच्या हातात तिकडच्या नोटांची घडी ठेवली होती आणि निरोप सांगितला होता.

डोरा आईकडं पोचली. मोटार वाजली तशी म्हातारी दारात आली. डोरा खाली उतरली. म्हातारीनं दोन्ही हातांनी तिचं तोंड चाचपलं, कपाळ, कान, मानेवरचा डाग. मग तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारली. ते नाव चार्लीनं यांना सांगितलं आणि यांनी मला. मी ते इथं लिहीत नाही. मला नीट उच्चारता येत नाही, आणि तिचं नाव एकदा बिघडवून झालं आहे, पुन्हा मी बिघडवायला नको. दोघींना एकमेकींशी बोलता येईना. मुलगी आपली भाषा विसरलेली, आईला इंग्रजी येत नाही. चार्लीची बहीण मधे बसून सांगायची. काही दिवसांनी म्हातारी तिला लहान पोरीसारखे शब्द शिकवू लागली. पाणी. विस्तव. ये.

हे सांगता सांगता यांनी पाठ फिरवली आणि उगाच बार्जच्या दोराला शिव्या दिल्या. मी पदर तोंडाला लावला. पण खरं सांगते, मला रडू त्या भेटीचं कमी आणि सुटल्याचं जास्त आलं. छातीवर ठेवलेलं पोतं कुणी उचललं, असं वाटलं.

उशीर का झाला तेही कळलं. डोरानं खात्यात जाऊन आपला पगार मागितला होता. इतकी वर्षं कामं केली, त्याचे द्या म्हणाली. त्यांनी तिच्यासमोर थोडेसे ठेवले आणि बाकीचा हिशेब सापडत नाही म्हणून सांगितलं. ती पुन्हा पुन्हा गेली. शेवटी तिनं एका हॉटेलचे कपडे धुवायला घेतले. पुढं कळलं की तिच्यासारख्या हजारोंचे पैसे असेच गेले. नात म्हणते, तिकडच्या सरकारनं मुलं नेल्याबद्दल नंतर जाहीर माफी मागितली. बरं झालं. डोराचा पगार तिला पुरता मिळाल्याचं मात्र मी कधी ऐकलं नाही.

त्यानंतर जवळजवळ प्रत्येक पिठाच्या बोटीबरोबर थोडे थोडे येऊ लागले. चार्ली नसला तर दुसऱ्या कुणाजवळ, कधी भटाऱ्याजवळ, कधी बोटीच्या सुताराजवळ. एकदाही कमी भरले नाहीत. हे सराफाकडून मोडून आणत. मधेच इथले रुपये बंद झाले आणि रियाल आले, म्हणजे भिशी सुरू झाली रुपयांत आणि फिटली रियालांत. आधी माझे फिटले. मग आपांचे फिटू लागले. बायका आता वेगळ्या सुरात विचारत, "हलीमा, बोट कधी येतेय? जरा डोराची खबर आण."

शेवटचे पैसे घेऊन मी आणि हे दोघंही आपांकडं गेलो. आपांनी मोजले, परत मोजले आणि थोडे रियाल बाजूला काढले.

"हे जास्तीचे कसले?"

हे म्हणाले, "डोराबायनं मुद्दाम पाठवलेत. तुम्हाला इतके दिवस थांबावं लागलं म्हणून."

"म्हणजे व्याज? या वयात मला हराम खायला घालता काय?"

"तसं नाही आपा, ती प्रेमानं..."

"प्रेम पोचलं म्हणून सांग. माझे मला पुरते मिळाले." आपांनी ते जास्तीचे रियाल रुमालात बांधून माझ्या हातात कोंबले. "हे तिचे तिला परत पाठव. तिचे पैसे ठेवून घेणारे तिकडं पुष्कळ आहेत. त्यांत आपण नको."

पुढच्याच बोटीवर यांनी ते चार्लीच्या हाती दिले. डोराची भिशी पुरती फिटली.